गोगलगाईला घाबरवण्याची मोहीम

एका गोगलगाईला घाबरवायचं, एवढ्यासाठी आम्ही तिघं त्या घळीत उतरलो होतो! हसू नका. मावशीची अख्खी प्रयोगशाळा त्यावर टांगलेली होती.

रक्ताने भिजलेल्या, हलत्या अवयवाला घट्ट चिकटेल आणि जखम भरली की आपोआप विरघळेल, अशी पट्टी तिला बनवायची आहे. आजवरची प्रत्येक पट्टी ओल्यावरून घसरली. या घळीतली बिनशंखाची काळी गोगलगाय घाबरली की असा चीक सोडते, की तो भर पावसातही सुटत नाही. त्याचा नमुना मिळाला नाही तर काम बंद, असं वरिष्ठांनी बजावलं होतं. सोबत सर्जन होते. त्यांचा पट्टीवर काडीचा विश्वास नव्हता. मावशी म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय! चीक डोळ्यांनी बघावा म्हणून तिने सर्जनना ‘छोटीशी सहल’ सांगून आणलं होतं. आणि दोर सांभाळायला मी, भाची. म्हणजे हक्काची हमाल.

आधी ओढा फुगला. मग दरड कोसळली, आमचा डबा घेऊन गेली! शेवाळलेल्या कड्यात नखं रोवत, एकमेकांवर खेकसत आम्ही कपारीशी पोचलो. आणि ती दिसली! बोटभर, काळीकुट्ट, निवांत.

मावशीने टाळ्या पिटल्या. मी किंचाळले. गोगलगाय ढिम्म!

“चिमटा काढा की,” सर्जन म्हणाले.

“तुम्हीच काढा. रोज माणसं कापता ना?”

“माणसं अशी बुळबुळीत नसतात हो!” म्हणत ते मागे सरकले.

मागे जागाच नव्हती! पाय सुटला. दोराला हिसका बसला. मी टाचा रोवल्या. सर्जननी धडपडत कपारीतलं शेवाळ पकडलं, ते उपटलं, आणि शेवाळासकट गोगलगाय त्यांच्या टकलावर! ते बोंबलले. आता मात्र ती घाबरली.

“हलू नका!” मावशी ओरडली.

“हलू नका काय? लटकतोय मी!”

कसंबसं त्यांना वर ओढलं. मावशीने गोगलगाईला अलगद दगडावर ठेवलं आणि टकलावरचा चीक बाटलीत खरवडला. उरलेला निघेना. सर्जननी ओढला, तर कातडीच वर आली. घामाने, पावसाने निथळणारं, थरथरणारं डोकं, तरी चीक जागचा हलला नाही.

ते ओढायचे थांबले.

“परवा टेबलावर एक पोरगी गेली,” ते हळूच म्हणाले. “यकृत फाटलं होतं. टाका घालावा तिथे आणखी फाटत होतं. बाई, तुमची पट्टी झाली की आधी माझ्याकडे आणा.”

मावशीला रडूच फुटलं.

“आणि हे डोकं? बायकोला काय सांगू?”

“सांगा, चिकटलं!” मावशी म्हणाली, आणि रडता रडता खो खो हसायला लागली.