रबराखालची तारीख

"अरे, गाडी घेतोयस की कलिंगड?" राजेश्वरी खिदळली.

रमीज शोरूममधल्या नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीवर बोटांनी टकटक करत फिरत होता. भिंगारला त्याच्या अब्बूंचं, म्हणजे सत्तारभाईंचं, गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. त्यामुळे गाडी दिसली की टकटक केल्याशिवाय या पठ्ठ्याला चैनच पडत नसे!

आज राजेश्वरीच्या आईची, सविताकाकूंची, पहिलीवहिली गाडी ताब्यात मिळणार होती. काकू नर्स होत्या. उन्हापावसात स्कूटीवरून ड्यूटीला जाऊन त्या कंटाळल्या होत्या. पूजेसाठी गाडी आजच शिंगणापूरला न्यायची होती, म्हणून राजेश्वरीने शेजारच्या रमीजला आणि त्याची धाकटी बहीण अरफाला सोबत आणलं होतं. सुट्टी असल्यावर घरी थांबतंय कोण!

टण्, टण्, टण्... ढब्!

रमीज थबकला. डावीकडचं मागचं दार! त्याने पुन्हा वाजवलं. ढब्!

"अरफा, तुझ्या कंपासमधलं लोहचुंबक दे. पटकन!"

चुंबक पुढच्या दाराला खटकन चिकटलं. मागच्या दारावरून मात्र घसरून थेट खाली पडलं.

"पत्र्यावर पुट्टीचा, म्हणजे पोचे बुजवायच्या लेपाचा, जाड थर आहे. हे दार ठोकून रंगवलंय," रमीज कुजबुजला.

"नव्या गाडीचं?" राजेश्वरीचे डोळे विस्फारले. "मी आईला सांगते!"

"थांब!" रमीजने दार उघडून कडेचं रबर जरासं ओढलं. आत पेन्सिलने बारीक लिहिलं होतं : १४ एप्रिल, स.

रमीजचा चेहरा उतरला. रंगवलेल्या प्रत्येक दाराच्या रबराखाली अब्बू तारीख आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर घालत. पुढे कधी रंग उडाला, तर काम कधीचं ते कळावं म्हणून.

"दादा, अब्बूंनी..." अरफाला पुढे बोलवेना.

या शोरूमचं काम अब्बूंकडे नेहमी येत असे. आता तोंड उघडलं, तर ते काम जाणार! आणि नाही उघडलं तर? राजेश्वरी त्याच्याकडे बघत होती.

"मॅडम, साडेअकराचा मुहूर्त आहे, सात मिनिटं राहिली!" मॅनेजर गोरक्षनाथ हातात नारळ घेऊन घाई करत होते. "गाडी चांगल्या स्थितीत मिळाली, एवढी एकच सही!"

काकूंनी पेन उघडलं. रमीज पुढे धावला.

"काकू, सही करू नका!"

सगळं शोरूम वळून बघू लागलं. मॅनेजर दात काढून हसले. "काय झालं, बाळ?"

"साहेब, या गाडीचं काही काम केलंय का?"

"छे! कारखान्यातून निघाली तशी तुमच्यासमोर उभी आहे. कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही!"

"नक्की?" राजेश्वरीने विचारलं.

"शंभर टक्के!"

रमीजने रबर ओढलं. "मग कारखान्यात पेन्सिलने मराठीत तारीख घालतात का?"

मॅनेजरांच्या हातातला नारळ सुटता सुटता राहिला. "हे... हे कुणीतरी पोराने लिहिलं असेल!"

"नाही." रमीजने अक्षरांवर बोट ठेवलं. "हे माझ्या अब्बूंचं अक्षर आहे."

काकूंनी लगेच सत्तारभाईंना फोन लावला. दहा मिनिटांत ते रंगाने माखलेल्या हातांनीच आले. मुहूर्त केव्हाच टळला होता! दार बघताच त्यांनी मॅनेजरांकडे रोखून पाहिलं.

"साहेब, ही शोरूमची डेमो गाडी हाय, इकायची न्हाई, असं तुमी बोलले हुते ना?"

"सत्तारभाई, विचार करून बोला. पुढचं काम..."

"काम गेलं तर जाऊ द्या! ताई, ट्रेलरवरून उतरवताना दार खांबाला आपटून चेपलं हुतं. मी चोख केलंय, पन घेनाऱ्याला सांगायला पायजे हुतं."

मॅनेजर घाम पुसू लागले. "मॅडम, किरकोळ होतं हो! सांगितलं असतं तर गाडी घेतली असती का तुम्ही?"

"घेतली असती कदाचित!" काकू कडाडल्या. "सत्तारभाईंच्या हाताचा मला भरवसा आहे. पण ठरवायचं मी होतं, तुम्ही नाही. आता मला दुसरी गाडी द्या, आणि हिचं काय झालं ते काचेवर लिहून लावा. माझ्यासमोर!"

काकूंनी कागद परत केला. गयावया करून काही उपयोग झाला नाही. मॅनेजरांना ते काचेवर लिहावंच लागलं. दुसरी गाडी चार दिवसांनी मिळणार होती.

"पोरांनो, आज तुम्ही नसतात तर मी फसले असते!" काकूंनी तिघांना जवळ घेतलं. "शिंगणापूरला आपण चार दिवसांनी जाऊ. तुमची जागा पक्की!"

अरफाने टाळ्या पिटल्या. रमीज मात्र बाहेर अब्बूंपुढे मान खाली घालून उभा राहिला. "अब्बू, माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

सत्तारभाईंनी त्याच्या डोक्यावर बोटांनी हलकेच टकटक केलं आणि कान लावून ऐकल्यासारखं केलं.

"आवाज खणखणीत हाय," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आत पुट्टी न्हाई!"