लालीच्या काठ्या

पिण्याच्या करवंट्या खाली ठेवा पोरांनो, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट माझ्या साडूची, साकिउसाची. त्याला तुम्ही ओळखता. खोटं बोलायचं म्हटलं तरी त्याला धड जमत नाही.

गेल्या जूनमधला शेवटचा शनिवार, अमावास्येची रात्र. आपल्या मंडळीने किनाऱ्यावरचं चर्च जागेसकट हॉटेलवाल्यांना विकलं होतं. समुद्र दर वर्षी अंगण खात होता, करणार काय? विकायला पहिला हात साकिउसानेच वर केला होता. नवं चर्च टेकडीवर बांधायचं ठरलं. तिथे तेव्हा नुसत्या खुंट्या ठोकलेल्या, आणि मधोमध ताडपत्रीखाली आपली लाली, प्रार्थनेला बोलावणारा ओंडक्याचा नगारा. कबरी उकरून हाडंसुद्धा मानाने वर नेली.

साकिउसाची आई मात्र हटून बसली.

"सगळ्यांची माणसं नेलीत. तुझ्या बापाला कुठून नेणार?"

बाप इनोके लाली वाजवायचा. एकदा मासे धरायला गेला तो आलाच नाही. कबर नाही, हाड नाही. त्याचा म्हणून राहिला होता तो चर्चच्या भिंतीलगतचा एक बाक.

"आई, उद्या वर पहिली प्रार्थना आहे. तू नसलीस तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, म्हातारी नवऱ्याची वाट बघत बसलीय."

साकिउसाला ते फार लागलं. त्यात लालीच्या काठ्या जुन्या चर्चमध्येच राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन तो खाली निघाला.

चर्च रिकामं. खिडक्यासुद्धा काढून नेलेल्या. तो बाक तेवढा उरला होता, आणि बाकाच्या वर, दोन खिळ्यांवर, काठ्या. साकिउसाने वाकून हात वर नेला.

आता बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून हात न्यायचा तर आपण आधी काय म्हणतो? तिलोऊ, माफी असावी. शेंबडं पोरही म्हणतं. पण रिकाम्या बाकाला कोण म्हणणार?

हाताखाली कोणीतरी खाकरलं.

साकिउसाचा हात तसाच वर राहिला. ते खाकरणं त्याच्या ओळखीचं होतं. मुलगा रीत विसरला की बाप रागवायचा नाही... नुसता खाकरायचा.

टॉर्च विझला. लाटा ऐकू येत होत्या. मग त्याही...

"तिलोऊ," तो कसाबसा म्हणाला.

त्याने हात खाली घेतला.

"बाबा... आम्ही वर चाललोय. आई येत नाही म्हणते. तुम्ही..."

बाक करकरला. कोणी उठावं तसा.

साकिउसा पळत सुटला. काठ्या तिथेच राहिल्या. घरी आईला काही बोलला नाही. रात्रभर कूस बदलत राहिला.

पहाटे सगळ्यांच्या आधी तो टेकडीवर गेला. ताडपत्री बांधलेली, गाठ त्याच्याच हातची. त्याने ती सोडली. लालीवर दोन्ही काठ्या. एकीवर एक, बाप ठेवायचा तशा. पाणी निथळत होतं. त्याने बोट जिभेला लावलं.

खारट.

तो धावत जाऊन आईला घेऊन आला. तिने काठ्या पाहिल्या. मग पुसायला म्हणून तिने काठ्यांकडे हात नेला... आणि थांबली.

"तिलोऊ," ती हळूच म्हणाली.

आता वर भिंती उभ्या राहिल्यात. म्हातारी एक रविवार चुकवत नाही.

काठ्या अजून वाळलेल्या नाहीत.