एकशे सत्तेचाळिसावा बिल्ला

"दर तासाला उठून कोण जातंय मीटर बघायला, मामा? संध्याकाळीच बसून सकाळपर्यंतचे आकडे भरून टाकतो. रोज तेच तर असतात."

भाचा हे बोलला आणि स्वतःच हसला. नव्या नोकरीची मिजास होती ती. वीज गेलेली, गच्चीवर गार वारा, त्यामुळे त्याची धाकटी बहीणही हसली.

स्टोअरमामा हसले नाहीत. एका कोल्ड स्टोरेजच्या भांडारात एकतीस वर्षं नट-बोल्ट मोजलेला माणूस. त्यांनी हातातला टॉर्च विझवला आणि सतरंजीवर मांडी ठोकली.

"बस खाली. तुझ्यासारख्यांमुळे आमच्याकडे एका बाईवर काय वेळ आली ते ऐक. ओळखीतली बाई. डब्यातले बिल्ले मी माझ्या हातानं मोजून दिले होते, तेव्हा मीठमसाला लावायचं कारण नाही."

आणि मामा सांगू लागले.

ती बाई कागदपत्रांची इंजिनीयर. सहा आठवड्यांसाठी बोलावलेली. काम ऐकायला सोपं होतं. मालाच्या खोल्या गार ठेवणारा विषारी अमोनिया कुठल्या पाइपातून जातो, कुठल्या व्हॉल्व्हनं अडतो, ते नकाशावर उतरवायचं. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला तारेनं बांधायचा. शेवटी यादीखाली सही करायची आणि घरी जायचं. घरी चौदा महिन्यांचं बाळ होतं.

पण प्लांट तीस वर्षांचा, आणि नकाशा त्याच्या बारशाचा. मधल्या काळात कुणी पाइप वळवला, कुणी तोडला, कुणी जोडला, आणि कागदावर एक रेघ ओढायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. ती विचारायची, "हा पाइप कुठं जातो?" ऑपरेटर म्हणायचा, "जातो तिकडं." मॅनेजर म्हणायचा, "मॅडम, मागच्या वर्षीची यादी घ्या, तारीख बदला, विषय संपवा." लॉगबुक उघडलं तर रात्रभराचे आकडे एकाच पेनानं, एकाच तिरक्या हातानं लिहिलेले. पहाटे पाचचा आकडा संध्याकाळी सहालाच तयार!

"डावरे मिस्त्री असते तर सांगितलं असतं," एवढं मात्र सगळे म्हणायचे. डावरे हे आडनाव नव्हे. माणूस डावखुरा, म्हणून डावरा. प्लांट त्यानंच उभारलेला. त्याला कागदाचा भारी तिटकारा. "माझं डोकं हाच नकाशा," म्हणायचा आणि कपाळावर पाना आपटून दाखवायचा. नऊ वर्षांपूर्वी तो नकाशा सोबत घेऊन तो वारला. शेवटी अर्धांगानं वाचा गेली होती. मामा बघायला गेले तेव्हा तो डोळे वटारून त्यांच्याकडे बघत होता आणि डाव्या हाताची दोन बोटं हवेत सारखी पिळत होता. बायकोला वाटलं, पाणी मागतोय. पाणी पाजलं. त्यानं ते थुंकून टाकलं. बोटं पिळतच राहिला.

असो.

डिसेंबरातला मंगळवार होता तो. बुधवारी सकाळी नऊला चार नंबरच्या खोलीचा जुना पाइप कापायचा होता. नकाशाप्रमाणे तो रिकामा, एकशे सेहेचाळीस नंबरच्या व्हॉल्व्हनं बंद केलेला. पाइपावरच्या दाबाच्या काट्यानंही शून्य दाखवलं होतं. पण तो काटा गेली कित्येक वर्षं शून्यच दाखवत होता, हेही सगळ्यांना माहीत होतं. शेवटची तपासणी करून बाईनं सही करायची, की काम मोकळं.

संध्याकाळी वेल्डर सामान ठेवायला आला. जाता जाता म्हणाला, "मॅडम, तुम्ही 'बंद' म्हणालात की मी डोळे मिटून कापणार. सही तुमची, मान माझी." आणि खो खो हसला.

तिला हसू आलं नाही.

सहाला प्लांट थांबवला. कॉम्प्रेसर गप्प झाले. तपासणीची रीत अशी : बाई खाली शिडीपाशी टेबलावर यादी घेऊन बसणार, आणि ऑपरेटरकाका वर पाइपांलगतच्या जाळीच्या वाटेवर टॉर्च घेऊन फिरणार. तिनं नंबर पुकारायचा, त्यांनी बंद की चालू ते सांगायचं. पहिल्या फेरीत दहा मिनिटांत साठ नंबर झाले. तिनं मान वर करून पाहिलं, तर टॉर्च जागचा हललाच नव्हता.

"काका! तुम्ही जाग्यावर उभं राहून सांगताय?"

"मॅडम, मला पाठ आहे सगळं. माझे गुडघे गेलेत."

"मग मला तुमच्या पाठांतराखाली सही करायला सांगताय का?"

काका पुटपुटले. ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी तिनं नवा नियम केला : चाकाला हात लावायचा, पान्यानं व्हॉल्व्हवर दोनदा ठोकायचं, मगच बोलायचं. सात वाजून चाळीस मिनिटांनी पुन्हा एकपासून सुरुवात झाली. टक टक. "बंद." टक टक. "चालू." प्रत्येक टकटकीत काकांचा राग ऐकू येत होता.

एकशे अठरावर तिचा फोन वाजला. नवरा होता.

"ताप नव्याण्णव आहे. तेवढाच."

"मोजलास?"

"अगं, हात लावून कळतं."

"हात लावून? अरे, सहाला मोजलास तेव्हाही नव्याण्णव, सातलाही नव्याण्णव! तू वहीत नुसता आकडा लिहितोयस का रे?"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "तिला सांग, आम्हीपण पोरं वाढवलीत."

तिनं फोन ठेवला. रडावंसं वाटत होतं आणि रागही येत होता. जगात एकाही माणसाला उठून काटा बघावासा वाटत नाही का? की आपलंच डोकं फिरलंय? चौदा महिन्यांत सलग चार तास झोप नव्हती. हल्ली तिला नळाच्या धारेतही बाळ रडताना ऐकू यायचं.

डोळे पुसून तिनं यादी ओढली आणि जरा दरडावूनच पुकारलं, "एकशे एकोणीस!"

जरा वेळ गेला. मग वरून, लांबून...

टक टक.

"बंद."

"एकशे वीस."

टक टक. "बंद."

आता काका सावकाश चालत होते. प्रत्येक नंबराला वेळ घेत होते. पत्र्याच्या छपरावर आपटून आवाज खाली यायचा, त्यामुळे कुणाचाही आवाज तिथं सारखाच घोगरा वाटायचा. तिला बरं वाटलं. रागावल्याचा उपयोग झाला म्हणायचा.

"एकशे बत्तीस."

टक टक. "बंद..." मग थांबून, "नाही. अर्धा आटा उघडा आहे."

तिनं पेन थांबवलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्या प्लांटमध्ये कुणीतरी 'नाही' म्हणालं होतं. तिनं खूण केली आणि मनातल्या मनात काकांची माफी मागितली.

एकशे चाळीस. एकशे एकेचाळीस. आवाज चार नंबरच्या खोलीकडे सरकत होता. तिनं सहज वर पाहिलं.

टॉर्च दिसत नव्हता.

बॅटरी गेली असेल. तिला वाटलं, विचारावं. विचारलं नाही. तीन-चारच तर नंबर उरले होते.

"एकशे सेहेचाळीस."

टक टक.

"बंद."

संपलं. तिनं शेवटची खूण केली, पेनचं टोपण लावलं.

टक टक.

ती थांबली.

"एकशे सत्तेचाळीस," वरचा आवाज म्हणाला.

"काका, यादी संपली. एकशे सेहेचाळीसच आहेत."

काही नाही.

मग... टक टक.

"चालू."

"कुठं आहे तो? काका?"



मागचं दार करकरलं. ती वळली. दारात ऑपरेटरकाका उभे होते. दोन्ही हातांत चहाचे ग्लास. थंडीनं नाक लाल.

"रागावू नका मॅडम," ते म्हणाले. "मघाशी तुम्ही फोनवर होता, माझंही डोकं तापलं होतं. पलीकडच्या शिडीनं उतरलो आणि टपरीवर गेलो. अर्धा तास झाला. चला, एकशे एकोणीसपासून करू."



काकांनी टेबलावरची यादी पाहिली. एकशे एकोणीसपासून एकशे सेहेचाळीसपर्यंत खुणाच खुणा.

"हे... कुणी सांगितलं?"

तिनं बोट वर केलं.

टक टक.

चार नंबरच्या दाराच्या वर. अंधारात.

काकांच्या हातातला एक ग्लास पडला. दुसरा त्यांनी घट्ट धरून ठेवला होता, हात भाजेपर्यंत. पुन्हा आवाज आला नाही. मग काकांनीच फार हळू विचारलं, "चालू म्हणाला?"

"हो."

"तो... उगाच काही म्हणायचा नाही."

पावणेनऊला मॅनेजर आले. सही घ्यायला.

"झालं ना? करा सही."

"एक व्हॉल्व्ह जास्त भरतोय," ती म्हणाली. "चार नंबरच्या दारावर कुठंतरी. तो चालू आहे."

"दाखवा."

दाखवणार काय? टॉर्च मारला तर तिथं नुसता जाड पाइप. गारवा धरायला गुंडाळलेलं आवरण, वरून पत्रा, पत्र्यावर वर्षानुवर्षांचा गंज आणि जाळी. व्हॉल्व्ह नाही, चाक नाही, काही नाही.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

काका खाली बघत होते. ती काय सांगणार होती?

मॅनेजर तापले. "मॅडम, सकाळी वेल्डर येतोय, परवा माल येतोय. घरी मूल आजारी आहे, तुमचं चित्त ठिकाणावर नाही, हे मला दिसतंय. म्हणून प्लांट अडवायचा? कारण काय लिहू मी? मॅडमना वाटलं?"

ते बोलले त्यातलं निम्मं तिला खरंच वाटत होतं. नळातलं बाळ तिनं ऐकलंच होतं की. सही केली तर पंधरा मिनिटांत घरी. बाळ कुशीत. आणि टकटक? झोपेअभावी झालेला भास.

तिनं पेन उघडलं. सहीच्या जागेवर टेकवलं.

*मान माझी.*

तिनं सही केली नाही. यादीखाली एक ओळ लिहिली : एकशे सत्तेचाळीस, तपासायचा राहिला. मग शिडी चढली. एकटी. वर कुणी नव्हतं. चार नंबरच्या दारावर, गंजक्या पत्र्यावर तिनं खडूनं एक फुली मारली, खाली उतरली, आणि पर्स उचलून घरी गेली. मॅनेजर मागून बोलतच होते.

सकाळी मॅनेजरनी सगळ्यांना गोळा केलं. तिला खोटं पाडायचं होतं, म्हणून मामांनाही स्टोअरमधून बोलावलं. "कापा तो पत्रा. दाखवा मॅडमना त्यांचा व्हॉल्व्ह."

पत्र्याचे स्क्रू गंजून मुरलेले. एकही फिरेना. छिन्नीनं तोडावे लागले. पत्रा निघाला. आतलं आवरण अखंड. कुठं चीर नाही, जोड नाही. ते सुरीनं कापलं.

आत बर्फ होता.

रिकाम्या पाइपावर बर्फ धरत नाही, पोरांनो.

बर्फ खरवडला, तशी व्हॉल्व्हची मान दिसली. चाक काढून वर टोपी बसवलेली. कधीतरी, कुठल्यातरी उन्हाळ्यात, माल वाचवायला डावरे मिस्त्रीनं घाईनं टाकलेली चोरवाट. टाकली, गुंडाळली, डोक्यात ठेवली. जोडाशेजारी नवा काटा लावून पाहिला, तर काटा टर्रकन नऊवर गेला; आत अमोनिया दाबून भरलेला. वेल्डरनं ते पाहिलं आणि तो तिथंच जाळीवर खाली बसला. त्या दिवशी तो खो खो हसला नाही.

मामा थांबले. भाचीनं भावाचा हात धरला होता.

"डावरे मिस्त्रीच होते ना ते?" तिनं विचारलं.

"मी वर नव्हतो. मी काय सांगू?"

"मग ऑपरेटरकाकाच असतील," भाचा म्हणाला. आवाज जरा बसला होता. "गंमत केली असेल. त्यांना माहीत असेल तो व्हॉल्व्ह."

"मलाही तेच वाटलं असतं," मामा म्हणाले. "पण बर्फ खरवडताना त्या टोपीखाली काहीतरी चमकलं. बाईनं बोटानं पुसलं. बिल्ला होता. नवाकोरा. त्याच आठवड्यात मी दिलेल्या डब्यातला. नंबर ठोकलेला... एक, चार, सात."

मामांनी मांडी बदलली.

"डब्यात दीडशे दिले होते. एकशे सेहेचाळीस लावले. चार उरायला हवेत. मी तिथंच डबा पालथा केला."

"किती?"

"तीन."

मामांनी अंधारात दोन्ही हात पुढे केले आणि बोटांनी एक न दिसणारी तार पिळून दाखवली, उजवीकडे.

"बाकीचे सगळे बिल्ले असे बांधलेले. बाईनं स्वतः बांधलेले. आणि नऊ वर्षं न उघडलेल्या त्या आवरणाच्या आत, बर्फात, त्या बिल्ल्याची तार..."

त्यांनी उजवा हात खाली ठेवला. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी वर राहिली. ती हळूहळू उलटी फिरली.