भूल चढेपर्यंत

प्रेमाचा उगम हृदयात होतो, हे मानवजातीनं हजारो वर्षं विचार करून ठरवलेलं सत्य आहे. विनीतच्या बाबतीत तो खालच्या जबड्यात, डाव्या बाजूला, शेवटून दुसऱ्या दाढेत झाला.

दाढ किडलेली होती, आणि दुखायला तिनं मुहूर्त असा काढला की विनीत नेमका माइकवर होता. वडिलांची, म्हणजे रावजींची, साउंड सर्व्हिस. रत्नागिरीत लग्न असो की सत्यनारायण, स्पीकर त्यांचेच. भातं कापून झाली की गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होत आणि स्पीकरबरोबर विनीतही समालोचनाला जाई. सकाळी सुरू झालेला विनीत उजेड गेल्यावरच थांबे. त्याच्या जिभेला हाड नाही आणि माइकला बटण नाही, असं लोक म्हणत. त्या दिवशी मात्र "चेंडू उंच, उंच, उं—" इथं तो जो थांबला, तो थेट मांडवीच्या रस्त्यावर डॉ. दमयंतीबाईंच्या खुर्चीत जाऊन आडवा झाला.

बाईंनी दाढ बघितली, इंजेक्शन दिलं, "भूल चढू दे जरा," म्हणाल्या आणि चहा प्यायला आत गेल्या.

मागं उरली ती त्यांची मदतनीस. नाक-तोंड मास्कमध्ये, केस टोपीत. म्हणजे हिशेबाला फक्त डोळे. ते डोळे खिडकीतून समुद्राकडे लागले होते आणि मास्कच्या आत ओठ पुटपुटत होते. मग ते डोळे विनीतकडे वळले.

"बेडूक," ती म्हणाली.

विनीतला वाटलं, आपल्यालाच.

"म्हणजे... तुमची हरकत नसेल तर मी बेडूक पाठ म्हणू का? मोठ्यानं म्हटलं की लक्षात राहतं. घरी म्हटलं की आत्या म्हणते, हिला लागलंय काहीतरी. तुम्हाला तसंही आता बोलता येणार नाही."

विनीतनं "खुशाल म्हणा" म्हटलं. बाहेर आलं ते "हुहाय वुवा" असं काहीतरी होतं. तिनं तो होकार धरला.

"बेडकाचं हृदय तीन कप्प्यांचं असतं. तो तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून घेतो. दात वरच्या जबड्यात असतात. खालच्या जबड्यात एकही नसतो."

आयुष्यात पहिल्यांदा विनीतला बेडकाचा हेवा वाटला.

"नराच्या गळ्याशी आवाजाच्या पिशव्या असतात. मादीला नसतात. नर दिवसरात्र ओरडतो, तो मादीला बोलवायला." ती क्षणभर थांबली. "तुम्हीच ना ते, माइकवाले?"

मास्कच्या वर डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडल्या. विनीतच्या अर्ध्या तोंडाला भूल चढली होती. उरलेला अख्खा माणूस त्या सुरकुत्यांनी घेतला.

दाढेचं रूट कॅनाल करायचं ठरलं. त्याला तीन-चार वेळा यावं लागेल, असं बाईंनी सांगितलं तेव्हा अशा बातमीवर हसणारा हा आपला पहिलाच पेशंट, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

तिचं नाव दीपाली. राजापूरकडची. बारावी सायन्सला मार्क चांगले पडले, पण त्याच वर्षी वडिलांचं बोटीवरचं काम सुटलं आणि दीपाली रत्नागिरीला सगुणाआत्याकडे राहून दवाखान्यात लागली. आता ती चोवीस वर्षांची होती. "जन्मभर दुसऱ्याच्या हातात चिमटे देणार का गं?" असं दमयंतीबाई एकदा फाडकन बोलल्या, आणि दीपालीनं प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरला. दातांच्या कॉलेजात जायचं तरी परीक्षा डॉक्टरकीचीच, आणि तिच्यात निम्मे मार्क एकट्या जीवशास्त्राचे.

दुसऱ्या खेपेला, इंजेक्शनच्या आधी, विनीतनं विचारलं, "त्यात दातांवर किती प्रश्न असतात ओ?"

"एकपण नाही."

"दातांच्या डॉक्टरला?"

"पचनाचा धडा गाळलाय. दात त्यातच होते."

"मग ठेवलंय काय?"

"बेडूक," दीपाली शांतपणे म्हणाली. "आ करा."

त्या खेपेला मूत्रपिंड झालं. मूत्रपिंडाबद्दल बोलत असताना एखादी मुलगी इतकी छान दिसू शकते, याची विनीतला कल्पना नव्हती. त्याच्या पुढच्या खेपेला मज्जासंस्था. शिरेतून निरोप कसा धावतो, भूल दिली की सोडियमला आत यायचं दार कसं बंद होतं आणि निरोप वाटेतच कसा राहतो... विनीत ऐकत होता. त्याच्या दाढेचे निरोप बंद होते. बाकीचे दुप्पट वेगानं धावत होते.

आणि दाढ बरी झाली. वर कॅप बसली.

पुढच्या आठवड्यात विनीत दुसरा दात दाखवायला गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरा. रावजींनी घरी विचारलंच, "रे, तुझी दाढ काय माहेरवाशीण हाय? सारखी तिकडं जाते ती."

दमयंतीबाईंनी छोट्या आरशाच्या दांड्यानं सगळे दात ठोकून पाहिले. "दात ठणठणीत आहेत तुझे. खाली एक अक्कलदाढ आडवी आलीय, ती काढ म्हणून मागं सांगितलं तर पळालास. वरचीही वाकडी आहे, पण ती थांबेल चार-पाच वर्षं. काढायची असली तर ये. नाहीतर उगाच खुर्ची अडवू नको."

विनीतला सुयांची भीती होतीच. दाढ उपटायच्या नुसत्या कल्पनेनं त्याचे पाय गार पडत. तो उठला. दारात दीपालीला म्हणाला, "मी बाहेरपण ऐकू शकतो. भूल न देता."

रविवारी संध्याकाळी ती दोघं मांडवीच्या जेट्टीवर बसली. भरती होती, वारा होता, हातात मीठ-मसाला लावलेल्या कैऱ्या होत्या. मास्क नव्हता. दीपालीला संपूर्ण चेहरा आहे आणि हसताना तिच्या डाव्या गालाला खळी पडते, हे विनीतला त्या दिवशी कळलं, आणि तिथंच अभ्यास बुडाला.

"आनुवंशिकता," दीपालीनं सुरुवात केली. "उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा—"

"आणि उंच वाटाणा क्रीजवर," विनीत मुठीचा माइक करून म्हणाला. "समोर राजापूर एक्स्प्रेस दीपाली. बुटका वाटाणा स्लिपमध्ये... त्याला तिथंच उभं केलंय, कारण बाउंड्रीवरून तो दिसत नाही—"

ती पोट धरून हसली. पुढच्या रविवारीही हसली. तिसऱ्या रविवारी हसली नाही.

"सराव परीक्षेत जीवशास्त्र पडलं माझं," ती म्हणाली. "पेपर समोर आला आणि वाटाणा स्लिपमध्ये उभा दिसला. पुढचं काही आठवेना."

"सॉरी. यापुढं मी एक शब्द—"

"तुम्हाला नाही जमणार ते. आणि मला तुम्ही बोललेलं आवडतं, तीच तर पंचाईत आहे." ती समुद्राकडे बघत राहिली. "आत्यानं स्थळं बघायला घेतलीयत. हे एकच वर्ष दिलंय मला. परीक्षा होईपर्यंत... नका येऊ."

ती गेली. विनीत जेट्टीवर बराच वेळ बसला आणि त्यात एकदाही बोलला नाही. चणेवाला दोनदा येऊन बघून गेला, बरं आहे ना म्हणून.

परीक्षा तोंडावर आली. आंबा ऐन रंगात होता, स्पर्धांच्या फायनल मॅच लागल्या होत्या, आणि सगळ्यात मोठ्या फायनलच्या दोन दिवस आधी विनीत दवाखान्यात हजर झाला.

"अक्कलदाढ काढा."

"दुखतेय?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"परवा फायनल ना तुझी? गाल सुजेल. बोलता यायचं नाही."

"शिवाला सांगितलंय माइक धरायला."

शिवा षटकार गेला की "गेला" म्हणे आणि आउट झाला तरी "गेला" म्हणे, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. दमयंतीबाईंनी चष्म्यावरून विनीतकडे पाहिलं. मग दीपालीकडे पाहिलं. मग सिरिंज भरता भरता, जणू हवापाण्याचं बोलावं तशा म्हणाल्या, "दीपाली, भूल चढेपर्यंत हा गप्प. नंतर कापूस दाबून आणखी अर्धा तास गप्प. तुझं काय राहिलंय?"

"संप्रेरकं," दीपाली हळूच म्हणाली.

"घे उरकून."

बाई आत गेल्या. दीपालीनं मास्क सारखा केला आणि सुरुवात केली. पीयूषिका ग्रंथी, थायरॉइड, स्वादुपिंड... सगळं घडाघडा आलं. मग ती अडली.

"एड्रेनलिन. हे कधी सुटतं... भीती वाटली की. मग शरीरात काय होतं... काय होतं..."

तिनं डोळे मिटले, उघडले, आणि समोर पाहिलं. खुर्चीचे दोन्ही हात विनीतनं असे धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती. कपाळावर घाम. मानेची शीर थडथड उडत होती. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, आणि त्या ट्रेमधल्या चिमट्यावर खिळलेल्या.

"घाम येतो," दीपाली सावकाश म्हणाली. "हृदयाचे ठोके वाढतात. बाहुल्या विस्फारतात. अंगावर काटा येतो." तिनं त्याच्या दंडाकडे पाहिलं. तोही होता. "तुम्ही एवढे घाबरता?"

विनीतनं मान हलवली.

"मग कशाला आलात?"

त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं तिच्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

दीपालीनं एका हाताचा ग्लव्ह काढला, त्याची बोटं खुर्चीवरून एकेक करून सोडवली आणि आपल्या हातात धरली. मग इन्सुलिनपासून पुन्हा सुरुवात केली. आवाज जरा कापरा होता, पण चूक एकही नव्हती.

फायनलला विनीत मंडपात गप्प बसला होता. गाल असा, की हापूसच्या पेटीत भरला असता तर वरच्या थरात मानानं बसला असता. शिवा माइकवर "गेला, गेला" करत होता. लोकांनी दगड मारले नाहीत, एवढंच.

जूनमध्ये निकाल लागला. त्या दुपारी मांडवीच्या रस्त्यावर कुणाचंही लग्न नसताना सनई वाजली. रावजींनी विचारलं तेव्हा विनीत म्हणाला, स्पीकर तपासतोय. प्रवेशाच्या फेऱ्या होऊन दीपालीला सरकारी कॉलेज मिळालं. नागपूरचं. महाराष्ट्रात राहून रत्नागिरीपासून आणखी लांब जायचं म्हटलं तर फारशी जागा उरत नाही.

ती निघायच्या आदल्या दिवशी दोघं पुन्हा जेट्टीवर. श्रावण लागला होता; ऊन आणि सरी एकमेकांच्या पाठी लागल्या होत्या. विनीतनं घरी आरशासमोर भाषण बसवलं होतं. त्यात उपमा होत्या, विराम होते, शेवटी टाळ्यांसाठी जागा होती.

"दीपाली, मी..." तो म्हणाला, आणि तोंड कोरडं पडलं.

"आज तर कापूस नाही," ती म्हणाली.

"मला तू आवडतेस." भाषणातलं एवढंच शिल्लक राहिलं होतं. "बेडकापासून. पाच वर्षं लागली तरी मी इथंच आहे. नागपूरला जा, डॉक्टर हो... पण निरोप पोचला एवढं सांग."

"तो केव्हाच पोचला," दीपाली म्हणाली. "तुझ्या अक्कलदाढेच्या दिवशी. तूच उशिरा बोलतोयस."

ती जवळ सरकली. तिच्या केसांवर सरीचे थेंब होते. तिनं त्याची हनुवटी दोन बोटांत धरून वर उचलली. विनीतनं डोळे मिटले.

"आ कर."

त्यानं डोळे उघडले. दीपालीनं मोबाइलची बॅटरी लावून थेट घशापर्यंत उजेड पाडला होता.

"ही वरची," ती बारकाईनं बघत म्हणाली. "दमयंतीबाईंनी काढली नाही ती. कुणालाही हात लावू द्यायचा नाही. ही माझी. डॉक्टर झाले की पहिली हीच काढणार मी, आणि तोवर तुला थांबायचंय. थांबशील?"

"हो" म्हणायला विनीतला तोंड मिटावं लागलं असतं, आणि तिची बोटं अजून आत होती. त्यानं डोळ्यांनीच सांगितलं. ते तिला वाचता येत होतं.

"मग एक करशील माझ्यासाठी?"

विनीतनं मान डोलावली. त्या घटकेला तिनं समुद्र मागितला असता तर तो बादली आणायला गेला असता.

दीपालीनं बॅटरी बंद केली, बोटं रुमालाला पुसली, आणि त्याच्याकडे पाहत हळूच म्हणाली,

"रात्री झोपताना ब्रश करत जा."