गाईडनं सांगितलं म्हणून

माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट अजून सरळ होत नाही.

कुणी म्हणालं, "वर्षाराणी, तुला भास झाला असंल," तर मी वाद घालत नाही. हात पुढं करते.

ही घटना गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारची आहे. रात्रीची नाही... भर दुपारची. बाहेर लख्ख ऊन होतं. खालच्या मजल्यावर शाळेच्या सहलीची पोरं डबे उघडून बसली होती.

तुळजापूरहून नळदुर्गकडं येताना हायवे सोडून थोडं आत एक खाजगी कलासंग्रहालय आहे. नाव सांगणार नाही. माझ्या ओळखीची माणसं अजून तिथं नोकरीला आहेत.

देवीचं दर्शन झालं की लोक तिकडंच वळतात. रविवारी तर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून तिथं वेळेचं तिकीट असतं. कुठला ग्रुप कधी आत घ्यायचा, कुठल्या हॉलमधून कुठं न्यायचा, ही सगळी आखणी माझ्याकडं होती.

आणि माझा थोरला भाऊ, वैजनाथदादा, तिथं गाईड होता.

त्या गर्दीत गाईडचा आवाज पोचत नाही. त्यामुळं प्रत्येकाला एक हेडफोन देतात. गाईडच्या कॉलरला माईक, कमरेला मशीन. तो हळू बोलला तरी सगळ्या ग्रुपच्या कानात स्पष्ट ऐकू जातं.

दादाचा आवाज लई गोड. लोक मला फोनवर सांगायचे, "ते वैजनाथ गाईडच द्या."

वरच्या मजल्यावर शेवटच्या हॉलमध्ये एक मोठं तैलचित्र होतं. भिंतभर. खाली चित्रकाराचं नाव नाही. चित्रात नुसती गर्दी. पागोटी घातलेली माणसं, पदर घेतलेल्या बाया... सगळ्यांच्या पाठी आपल्याकडं. सगळे वाकून मधलं काहीतरी बघतायत.

काय बघतायत, ते दिसत नाही.

दादा तिथं नेहमी विचारायचा, "काय बघत असतील हो हे?" लोक विचारात पडायचे. मग तोच सांगायचा, "मला तर वाटतं, वाढप्याला बघतायत. पंगतीत जागा मिळाली नसंल!"

लोक पोट धरून हसायचे. दर वेळी.

पहिली गोष्ट घडली ती दिवाळीच्या आधी. सोलापूरचं एक नवं जोडपं आलं होतं. त्याच हॉलमध्ये, त्याच चित्रासमोर, नवऱ्यानं बायकोचे केस धरले आणि तिचं तोंड भिंतीवर आपटलं. दोन दात पडले तिचे.

त्याला ऑफिसात आणून बसवलं. दारूचा वास नव्हता. रडत रडत एकच म्हणत होता...

"मला गाईडनं सांगितलं म्हणून केलं."

दादा तिथंच उभा होता. "मी सांगितलं? मी? अहो, मी फ्रेमच्या लाकडाबद्दल बोलत होतो!"

बाकीच्या लोकांनीही तेच सांगितलं. लाकडाबद्दलच बोलत होते. मग सगळ्यांनी त्या नवऱ्यालाच शिव्या दिल्या. तरी आमच्या साहेबांनी मशीन आणि सगळे हेडफोन नवे मागवले.

त्या रात्री जेवताना दादा मला म्हणाला, "वर्षा, त्या हॉलमंदी गेलं की लोकांच्या हेडफोनमधून माझा आवाज बारीक ऐकू येतो. तो माझ्या मागं थोडा उशिरा येतो... आनि कधी कधी मी थांबलो तरी थांबत न्हाय."

"मशीन जुनं असंल," मी म्हणाले.

"व्हय, असंल," दादा म्हणाला.

नव्या मशीनवर काही दिवस काहीच झालं नाही.

मग माकणीकडच्या निवृत्त शिक्षकांचा ग्रुप आला.

त्यांचे पुढारी सिद्धेश्वर सर. उंच, सडपातळ, पांढरी टोपी. तिकिटं काढायच्या आधीपासून ते मला सारखे फोन करायचे. "वर्षाताई, आमच्यात काहींचे गुडघे गेलेत, जिने लई उंच न्हाईत ना?" "वर्षाताई, वर बसायला बाकडं हाय का?" "वर्षाताई, गर्दीत आमची माणसं ढकलली जातील हो, जरा निवांत वेळ बघा."

मला त्यांचं कौतुक वाटायचं. माझे वडील असते तर असेच असते, असं वाटायचं.

मी त्यांची आखणी मन लावून केली. सहलीची पोरं जेवायला बसतील तेव्हा वरचे हॉल रिकामे होतात. ती वेळ मी त्यांना दिली. वरचा मजला फक्त त्यांचा. ढकलाढकली नाही, गोंगाट नाही.

त्या रविवारी सकाळी ते आले तेव्हा सरांच्या बायकोनं, सिद्धम्मा काकूंनी, माझ्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. "खा ग पोरी. किती वाळलीस."

त्यांच्यात जमिलाबी म्हणून एक म्हाताऱ्या होत्या. त्यांचे मिया त्याच शाळेत मास्तर होते, आता हयात नाहीत. जमिलाबींच्या कानात ऐकायचं मशीन होतं. त्यामुळं हेडफोन बसेना.

"रहने दे बेटा," त्या म्हणाल्या. "मैं नुसतं बघते."

दुपारी त्यांचं जेवण तयार झालं, ते सांगायला मी वर गेले. ग्रुप शेवटच्या हॉलमध्ये पोचला होता. जमिलाबी दाराजवळच्या बाकावर पाय चोळत बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. दादा चित्रासमोर उभा होता. मला वाटलं, एवढं संपू दे, मग सांगते.

दादानं नेहमीसारखं विचारलं, "काय बघत असतील हो हे?"

थोडं थांबला. मग पंगतीचा विनोद सांगितला.

कुणीच हसलं नाही.

कुणी खोकलंसुद्धा नाही. सगळे मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. शुद्धलेखन घालताना पोरं ऐकतात ना, तसे...

दादा गोंधळला. हसला. पुढं रंगांबद्दल बोलायला लागला. मी माझ्या कानांनी ऐकत होते. "हा जो तांबडा रंग आहे, तो त्या काळी..."

खालून पोरांचा आवाज येत होता. तो एकदम बंद झाला. दार उघडंच होतं, तरी बंद झाला.

सिद्धेश्वर सर पुढं झाले.

त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. मायेनं ठेवावा तसा.

दादाला वाटलं, सरांना चक्कर आली. त्यानं त्यांचा हात धरला. "सर, बरं वाटत नाही का? बसता का जरा?"

सरांनी तो हात खांद्यावरून गळ्यावर नेला. मग दुसरा हातही नेला.

आणि दाबलं.

मला आधी कळलंच नाही. दादाचे पाय फरशीवर घासायला लागले तेव्हा कळलं. दोघं जण पुढं आले. त्यांनी दादाचे पाय उचलले. घाई नाही, राग नाही. जड टेबल हलवावं तसं त्याला आडवं केलं. चित्राच्या पुढं दोरी बांधायला पितळी खांब होते. त्यातल्या एकाच्या जाड बुडावर सरांनी दादाचं डोकं आपटलं.

ठप्प.

पुन्हा.

मी किंचाळले. धावले. सरांचे हात ओढले. सत्तरीच्या माणसाचे हात... पण लोखंडाचे असावेत तसे. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. डोळे उघडे, मान कलती. ऐकत होते.

मी वॉचमनला हाका मारल्या. कुणी आलं नाही. खाली कुणाला माझा आवाजच गेला नाही, हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात सर बाजूला झाले. मला वाटलं, संपलं.

मागून दुसरे एक सर पुढं आले. त्यांनी दादाच्या जबड्यावर बूट ठेवला आणि सगळं वजन टाकलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते उतरले आणि बाजूला झाले. मग एक बाई आल्या. छत्रीचं टोक त्यांनी दादाच्या बरगड्यांत खुपसलं, काढलं, पुन्हा खुपसलं.

त्यांच्या मागं बाकीचे उभे होते.

रांगेत.

तिकिटाच्या खिडकीसमोर उभं राहावं तसे, शिस्तीत. आपला नंबर यायची वाट बघत.

मी दादावर आडवी पडले. त्याच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. कॉलरचा माईक तुटून लांब पडला होता. कमरेचं मशीन कुणाच्या तरी पायाखाली फुटलं होतं. त्याचे तुकडे मला दिसत होते.

तरी ते सगळे ऐकत होते.

कुणाचा तरी हेडफोन माझ्याजवळ गळून पडला होता. मी तो उचलला आणि कानाला लावला. का लावला, देव जाणे.

आत दादाचा आवाज होता.

शांत. गोड. लोकांना आवडायचा तसा.

"...घाई करू नका. सगळ्यांचा नंबर येईल. ज्यांचं झालं त्यांनी कृपया मागच्यांना जागा द्या. आता डोकं जरा वर उचला... हं, असं... आता सोडा."

दादाचा मोडका जबडा माझ्या हातात होता. त्याचे ओठ हलत नव्हते.

आवाज थांबला. श्वास घेतल्यासारखं वाटलं.

मग...

"आणि ही जी त्याच्यावर पडली आहे, ती माझी बहीण वर्षा. हिला पण घ्या."

सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडं वळल्या.

सगळ्यात जवळ सिद्धम्मा काकू होत्या. त्या खाली बसल्या. माझा डावा हात त्यांनी मांडीवर घेतला. मधलं बोट वेगळं केलं आणि मागं वाकवत नेलं. हळूहळू. मोडेपर्यंत. मोडल्यावरही...

मागून कुणीतरी माझे केस धरले. डोकं वर उचललं गेलं. पितळी खांबाचं बूड मला खाली दिसत होतं.

"या अल्ला! क्या कर रहे तुम लोगां!"

इतका वेळ खिळल्यासारख्या बसलेल्या जमिलाबी बाकावरून उठल्या होत्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, भिंतीला धरत त्या आल्या. त्यांनी माझे केस धरणाऱ्याच्या कानावर हात मारला आणि हेडफोन ओढून फेकला.

केस सुटले.

मग त्यांनी सिद्धम्मा काकूंचा हेडफोन ओढला.

काकूंनी डोळे मिटले, उघडले. मांडीवरच्या माझ्या हाताकडं बघितलं. बोट उलटं झालं होतं.

"अग बाई... पोरी, काय झालं ग तुझ्या बोटाला?" त्या म्हणाल्या. "कुनी केलं?"

जमिलाबी रांगेतून पुढं पुढं जात होत्या. एकेकाच्या कानावरून ओढत होत्या. कुणी त्यांना अडवलं नाही. त्यांच्याबद्दल त्या आवाजानं काही सांगितलंच नव्हतं.

हेडफोन निघाला की तो माणूस भानावर यायचा. आधी आपल्या हातांकडं बघायचा. मग दादाकडं. मग किंचाळायचा.

तोपर्यंत त्या हॉलमध्ये मी आणि जमिलाबी सोडून कुणीच ओरडलं नव्हतं. आता सगळेच ओरडायला लागले. खालून पोरांचा गोंगाटही पुन्हा ऐकू यायला लागला. वॉचमन धावत आला.

फरशीवर पडलेल्या हेडफोनांतून अजून बारीक आवाज येत होता. सगळ्यांतून एकच. काय म्हणत होता ते मी ऐकलं नाही. उजव्या हातानं कान दाबून घेतला आणि तशीच बसून राहिले.

दादाला सोलापूरला नेलं. जबडा तारांनी बांधला. तीन बरगड्या मोडल्या होत्या. डावा डोळा वाचला नाही.

पोलीस आले. कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं, पण आवाज नव्हता. फुटलेल्या मशीनमधून कुणाला काही ऐकू जाणं शक्य नाही, असं दुरुस्तीवाल्यानं लिहून दिलं. त्या शिक्षकांवर केस झाली. ती अजून चालू आहे. त्यांच्यातल्या कुणावर आधी साधी तक्रारसुद्धा नव्हती.

सिद्धेश्वर सर जामिनावर सुटल्यावर दवाखान्यात आले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. दाराशी जमिनीवर बसले.

"ताई, मला तुमच्या भावाचा आवाज आला," ते म्हणाले. "ते म्हणाले, सर, आता माझा गळा धरा. म्या इचारलंच न्हाय, का म्हणून. जे सांगितलं ते बरोबरच हाय, असं वाटलं बघा."

मग त्यांनी विचारलं, "तुमी बी ऐकलं म्हणं. तुमाला काय ऐकू आलं?"

मी सांगितलं नाही. आजपर्यंत घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दादालाही नाही.

ते चित्र नंतर खाली उतरवलं म्हणतात. हॉल बंद आहे. आवाज कुणाचा होता, दादाचाच का होता, याचा शोध घ्यायला एक-दोघं आले. काही सांगू शकले नाहीत. मी नोकरी सोडली.

दादा आता तामलवाडीला घरीच असतो. थोडं शेत बघतो. कितीतरी महिने त्याच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. आता बोलतो. डॉक्टर म्हणाले होते, आवाज बदलेल, घोगरा होईल.

बदलला नाही. होता तसाच आहे. गोड.

आई म्हणते, देवीची कृपा.

परवा घरी पाव्हणे आले होते. सोयरीकवाले, साधी माणसं. ओसरीवर गप्पा मारत बसले होते. मी चहा घेऊन बाहेर आले. तेवढ्यात आतल्या खोलीतून दादानं हाक मारली.

"वर्षा... इकडं ये."

ओसरीवरच्या गप्पा थांबल्या.

बहुतेक उगाच थांबल्या असतील. माणसं बोलता बोलता थांबतात.

पण मी आत गेले नाही. ट्रे हातात धरून तिथंच उभी राहिले... आणि एकेका पाव्हण्याच्या हातांकडं बघत राहिले.