बुवा लाइव्ह आहे

“नऊ जण,” यज्ञेश म्हणाला. “अख्ख्या जगातून नऊ. त्यातला एक मीच.”

“आणि एक मी,” गंधाली म्हणाली. “तेही खेळ बघायला नाही, तू कधी हरतोस ते बघायला.”

मे महिन्याची सुट्टी होती. अंधेरीतल्या त्यांच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली कॅरम मांडला होता आणि समोर डब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. शाळा उघडायच्या आत आपलं कॅरमचं लाइव्ह सगळीकडे गाजलं पाहिजे, असं यज्ञेशने ठरवूनच टाकलं होतं. गंधाली त्याची धाकटी बहीण, म्हणजे त्याचा पाय खाली खेचायला घरचंच माणूस. तिसरी श्रुतिका, त्याच बिल्डिंगमधली त्यांची मैत्रीण. ती स्ट्रायकर हातात धरून नुसती बसली होती. डाव तिचा होता हेही तिच्या लक्षात नव्हतं.

आजोबा गेल्यापासून तिचं असंच चाललं होतं.

दशरथ आजोबा जन्मभर गिरणीत राबले. गिरणी बंद पडली तरी गळा आणि झांज दोन्ही शाबूत होती. रोज संध्याकाळी कंपाउंडमधल्या दत्ताच्या देवळात त्यांची झांज वाजली की बिल्डिंगला कळायचं, आरती सुरू झाली. कधीतरी तिथे एक तपकिरी पिल्लू आलं, डाव्या कानाचा तुकडा पडलेलं. झांज वाजली तसं त्याने तोंड वर केलं आणि सूर लावला. तीनदा आखूड, मग एक लांबलचक. लोक हुसकायला धावले. आजोबा म्हणाले, “ऱ्हवांदे रे. तो रडणा नाय, गाता तो. भजनी बुवा आसा ह्यो.” झालं, त्याचं नाव बुवा पडलं आणि तो कायमचा आजोबांचा झाला.

फेब्रुवारीत आजोबा गेले. तेरावं व्हायच्या आत बुवाही नाहीसा झाला. बाबा म्हणाले, “पळाला कुठेतरी.” श्रुतिका वेसाव्याच्या धक्क्यापर्यंत हाका मारत हिंडली आणि रडून रडून घरी आली.

“नऊवर अडकायचं नसेल तर या माणसाकडून शिकायला पाहिजे,” यज्ञेशने मोबाइल उचलला. “चंद्रप्रकाश. आजारी प्राणी वाचवतो. लाइव्हला हजारो लोक असतात यार. ट्रिक बघ त्याची. आधी अर्ध्या मिनिटाची क्लिप टाकतो, आणि ऐन मोक्याला तोडतो. पुढचं लाइव्हमध्ये. मग लोकांनाच विचारतो, याचं नाव काय ठेवू? ज्याने नाव सुचवलं तो लाइव्हला येतोच येतो. स्वतः येतो आणि मावशीलाही घेऊन येतो.”

पडद्यावर, त्याच्या एका जुन्या लाइव्हमध्ये, एक काळं कुत्रं गादीवर पडलं होतं. मागचे दोन्ही पाय पट्ट्यांत गुंडाळलेले. शेजारी बसलेला चंद्रप्रकाश हळव्या आवाजात सांगत होता, “हा आपला मोती. आता हा कधीच उभा राहणार नाही. शेअर करा, मित्रांनो. याला तुमच्या प्रार्थनेची गरज आहे.”

तेवढ्यात त्या लाइव्हमध्येच लांब कुठेतरी झांज वाजायला लागली. मोतीने मान उचलली आणि सूर लावला. तीनदा आखूड आणि मग एक लांबलचक. चंद्रप्रकाशने घाईघाईने आवाज बंद केला.

श्रुतिकाच्या हातातला स्ट्रायकर बोर्डावर पडला. “बुवा,” ती म्हणाली.

“अगं, बुवा तपकिरी होता ना.”

“कान बघ.”

यज्ञेशने चित्र थांबवून मोठं केलं. डाव्या कानाचा तुकडा गेलेला होता. पट्टीच्या कडेला, जिथे रंग लागला नव्हता, तिथले केस तपकिरी होते.

मग मात्र यज्ञेश जुन्या क्लिपा उलट्या क्रमाने बघत सुटला. मार्चमध्ये त्याच गादीवर तपकिरी कुत्रं होतं, नाव शेरू. कान तोच. शेरू ‘गेला’ तो लाइव्हमध्येच. चंद्रप्रकाश ढसाढसा रडला आणि त्या एका संध्याकाळी त्याचे प्रेक्षक दुप्पट झाले. पुढच्याच आठवड्यात मोती सापडला. आणि सगळ्यात वर, ताजी घोषणा होती: मोतीची शेवटची लढाई, रविवारी संध्याकाळी, लाइव्ह.

“शेरू मेला आणि रंग लावून त्याचा मोती केला,” गंधाली म्हणाली. “मग आता मोती मेला की?”

यज्ञेशने पडद्यावरच्या कानावर बोट ठेवलं. “आता तो कान लोकांच्या ओळखीचा झालाय,” तो म्हणाला. “पुन्हा रंग लावून चालणार नाही.”

त्याचा अर्थ तिघांनाही कळला. या वेळचं मरण खरं असणार होतं.

बाबा कामावरून आले तशी तिने मोबाइल त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी क्लिप पाहिली. चहाचा कप तसाच खाली ठेवला.

“मीच दिला बुवा याला,” ते म्हणाले. “प्राणी सांभाळतो म्हणाला. गाडी घेऊन आला होता.”

“तुम्ही तर पळाला म्हणालात.”

“काय करू मग? घरात माणूस गेलेलं, आणि हा रोज तिन्हीसांजेला दाराशी बसून रडायचा. कुत्रं रडलं की अशुभ असतं, अजून कोणाला तरी नेणार, असं सगळे बोलायला लागले. आरती मंडळाच्या श्यामसुंदरकाकांनी दोनदा सांगितलं. तुझी आई घाबरली, मीही घाबरलो.”

“तो रडत नव्हता, बाबा. तो आरती म्हणत होता. आजोबांनी किती वेळा सांगितलं होतं.”

बाबांनी मान खाली घातली. “जाऊ दे आता. आपणच दिलेलं कुठल्या तोंडाने परत मागायचं?” असं म्हणून ते आत गेले, आणि नळ उगाच बराच वेळ वाहत राहिला.

बाबा मागणार नाहीत, तर आपण आणायचा. मोठ्यांच्या चुका निस्तरायला सुट्टी पडते की काय, असं गंधाली पुटपुटली, पण तीही लगेच कामाला लागली. यज्ञेशने प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला सगळ्या क्लिपा पाठवल्या. दुसऱ्याच दिवशी तिथल्या माधुरीताई बिल्डिंगमध्ये येऊन दाखल झाल्या.

“क्लिपांत त्याच्या मागे पोलिस ठाण्याची खोटी भिंत, सिनेमाचा सेट दिसतो ना, तो मढचा बंगला आहे. शूटिंगला भाड्याने देतात,” त्या म्हणाल्या. “मी जाऊन आलेय. दारातच सांगतात, जनावर आजारी आहे, उपचार चालू आहेत. आजारी नाही हे सिद्ध कसं करायचं? चार लोकांसमोर तो उठून चालला, तर लगेच पोलिसांना आत नेईन.”

“चार कशाला?” श्रुतिका म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज असा खणखणीत लागला होता. “सगळ्यांसमोर चालेल तो. आजोबांची झांज ऐकली की बुवा जागेवर बसूच शकत नाही.”

“मग लाइव्हला भरपूर लोक पाहिजेत,” यज्ञेश म्हणाला. “आपण आणायचे.”

“त्या लबाडाचे प्रेक्षक आपण वाढवायचे?” गंधाली उसळली. “डोकं फिरलंय का तुझं?”

“जेवढे जास्त डोळे, तेवढं त्याला लपवणं कठीण. त्याचीच ट्रिक, त्याच्यावरच.”

मग कॅरम बाजूला ठेवला गेला. त्यांनी मोतीची अर्ध्या मिनिटाची क्लिप बनवली, अगदी तो मान उचलतो तिथे तोडलेली. खाली लिहिलं, ‘मोतीला काय ऐकू आलं? रविवारी लाइव्हमध्ये बघा.’ शाळेच्या ग्रुपवर, बिल्डिंगच्या ग्रुपवर, मामाच्या क्रिकेटच्या ग्रुपवर ती फिरली. लोकांना उत्तरं विचारली. कोणी लिहिलं देवाची हाक, कोणी लिहिलं चिकन. गंधाली प्रत्येकाला उत्तर देत बसली. शनिवारी तर गंमतच झाली. खुद्द चंद्रप्रकाशने ती क्लिप उचलून आपल्या पानावर लावली आणि ‘माझ्या छोट्या दोस्तांना धन्यवाद’ असं लिहिलं.

“वाट लागली याची,” यज्ञेश म्हणाला. श्रुतिकाला हसू आलं नाही. ती कपाटातून आजोबांची झांज काढून पुसत होती. दोरीला अजून त्यांच्या तंबाखूचा वास होता.

रविवारी मढला फिरायला जातो, माधुरीताई बरोबर आहेत, असं त्यांनी घरी सांगितलं. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. वेसाव्याहून बोटीने पलीकडे उतरून, सुकत घातलेल्या बोंबलांच्या बाजूने ते बंगल्याच्या मागच्या भिंतीशी पोचले. माधुरीताई एका हवालदारांना घेऊन पुढच्या फाटकाशी थांबल्या.

“सुरू झालं,” गंधाली मोबाइलमध्ये बघत कुजबुजली. “लोक येतायत. बापरे, केवढे येतायत. तो रडतोय. म्हणतोय, मोतीचे शेवटचे श्वास चाललेत.”

श्रुतिकाने झांज वाजवली. ठोके घाईघाईने पडले आणि आवाज नुसता भांड्यांसारखा आला.

“मान हलवली फक्त,” गंधाली म्हणाली. “पुन्हा खाली टाकली.”

श्रुतिकाने डोळे मिटले. आजोबा कसं करायचे? एक ठोका सावकाश, मग दोन लगोलग, आणि लगेच झांज पोटाशी दाबून आवाज मारायचा. तो दाबलेला ठोका सगळ्या कॉलनीत फक्त आजोबांचा होता. तिने झांज पोटाशी घेतली. वाजवली. दाबली. पुन्हा वाजवली.

भिंतीपलीकडून सूर आला. तीनदा आखूड, मग एक लांबलचक.

“उठला,” गंधालीचा आवाज चिरकला. “श्रुती, उठला गं! पट्ट्या सुटल्या, धावतोय. चंद्रप्रकाशने गळपट्टा धरला. नाही, निसटला! सगळे लिहितायत, हा तर चालतोय, हा तर चालतोय.”

चंद्रप्रकाश कोणावर तरी ओरडत होता, “बंद कर, बंद कर ते!” पण फोन गडबडीत आडवा पडला होता आणि तो तसाच सगळं दाखवत राहिला. त्यात हवालदारांचे बूट आले, मग माधुरीताईंचा आवाज आला. नंतर कळलं की त्याच्या आयुष्यातले सगळ्यात जास्त प्रेक्षक त्याला त्या वेळी मिळाले होते.

फाटक उघडलं तसा बुवा बाहेर सुटला आणि वळसा घालून मागच्या गल्लीत शिरला. बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळला होता. तो थेट श्रुतिकाकडे आला, शेपूट हलवत तिच्या हातातली झांज हुंगली, दोरी चाटली. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने हात पसरले.

बुवा तिला ओलांडून पुढे गेला. त्याने गल्लीत इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन पलीकडे डोकावून आला. झांज इथे आहे, मग वाजवणारा कुठे गेला, एवढंच तो शोधत होता. मग रस्त्याकडे तोंड करून तो खाली बसला आणि वाट बघायला लागला.

यज्ञेशने तोंड फिरवलं. गंधाली मुसमुसायला लागली. श्रुतिका त्याच्या शेजारी मातीत बसली आणि म्हणाली, “ते नाही आले रे, बुवा. मलाही ते सापडत नाहीयेत.” एवढं बोलून, आजोबा गेल्यावर पहिल्यांदाच, ती कोणाजवळ रडली.

परतीच्या बोटीतून उतरले तेव्हा धक्क्यावर बाबा उभे होते. त्यांनीही लाइव्ह पाहिलं होतं. त्यांनी पुढे होऊन बुवाला उचलून घेतलं, आणि त्याचा काळा रंग त्यांच्या कामाच्या पांढऱ्या शर्टाला लागला तरी खाली ठेवलं नाही.

दोन दिवसांनी आरतीच्या वेळी देवळापुढे बिल्डिंग जमली. श्यामसुंदरकाका आरती मंडळाचे सगळ्यात ज्येष्ठ. त्यांनी तिघांना पुढे बोलावून नारळ दिला.

“आम्ही म्हाताऱ्यांनी अपशकुन बघितला, मुलांनी कुत्रा बघितला,” ते म्हणाले. “शाबास रे पोरांनो. बुवाचा गुन्हेगार मीही आहे.” माधुरीताईंनी सांगितलं की चंद्रप्रकाशवर तक्रार दाखल झाली आहे आणि बंगल्यातली इतर जनावरंही सोडवली आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यज्ञेशने खिशातून मोबाइल काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत ठेवून दिला.

मग झांज कोणी घ्यायची, यावर सगळे थबकले. बाबा पुढे झाले. त्यांनी कधी झांज वाजवली नव्हती.

“शेवटचा ठोका पोटाशी दाबा, बाबा,” श्रुतिकाने हळूच सांगितलं.

त्यांनी दाबला. पायरीवर, आजोबांच्या जागेशेजारी बसलेल्या बुवाने मान वर केली. या वेळी आखूड सूर नव्हते. एकच होता, लांबच लांब, आरतीच्या चालीशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि आरती पुढे गेली तरी तो थांबेना.

मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “कुत्रं रडतंय.”

आज श्रुतिकाने ते खोडून काढलं नाही. आज तो गात नव्हता, हे तिला कळत होतं.

“हो, रडतोय,” बाबा म्हणाले. त्यांचेही डोळे वाहत होते, पण झांज चालू होती. “रडू दे त्याला. त्याचंही माणूस गेलंय.”