गाडी गेली का, बाय?

आधीच सांगते, यात अमावास्या नाही, वडाचं झाड नाही आणि पांढरी साडी तर अजिबातच नाही.

भर दुपार होती. जून महिना, पाऊस अजून यायचा होता. जागा मोखाडा तालुक्यातलं सूर्यमाळ, तिथल्या डोंगराच्या कडेचा पाडा. आणि घडलं ते चंदनाच्या बाबतीत, माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या.

चंदना खोटं बोलत नाही. बोललीच, तर फक्त आजीशी.

आजी म्हणजे तिच्या वडिलांची आई, हौशी डोसी. तिकडे म्हातारीला डोसी म्हणतात. तिचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. पाड्यापर्यंत डांबरी रस्ता आला तेव्हा तिचे केस आधीच पांढरे होते, एवढंच सगळे सांगायचे. पाड्यातली अर्धी माणसं तिच्याच हातांवर जन्मली. उन्हाळ्यात विहीर आटली की डोक्यावर हंडे घेऊन ती दरीत उतरायची आणि वर येताना दम लागलेल्या सुनांना चिडवायची.

मे महिन्यात ती गेली. झोपेतच.

दिवसाच्या कार्याला सगळा पाडा जमला. जो तो तिच्या आठवणी काढत होता. जिवा म्हातारा, ज्याचं लग्न कधी झालंच नाही, तो म्हणाला, "मला आंघोळ घालणारी पहिली बाय हीच. दुसरी अजून मिळाली नाय."

रडता रडता सगळे हसले.

चंदना हसली नाही.

कारण आजीने तिला नुसतं वाढवलं नव्हतं... लपवलं होतं.

दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची. वीटभट्टीवर न्यायला. आईबापांबरोबर पोरंही जायची आणि शाळा सुटायची. चंदना पहिलीत होती तेव्हा हॉर्न वाजला, तशी आजीने तिला उचललं आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कणगीत सोडलं. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, माणसापेक्षा उंच धान्याची कोठी. आजीने वर झाकण ठेवलं आणि उलट्या उखळावर उभी राहून झाकणाची कड लिंपायला लागली. जशी काही कणगी गच्च भरलीय.

"पोर कठं?" मुकादमाने विचारलं.

"मामाकडं."

चंदनाचे वडील, तुका काका, गुपचूप दुसरीकडे बघत राहिले.

मग दर वर्षी हेच. आत काळोख, नागलीचा वास, बाहेर आजीच्या ओल्या हाताचा आवाज. सप... सप... आणि शेवटी आजीचा आवाज, "गाडी गेली, बाय. नीघ."

तेव्हा कळतंय ना, चंदना दहावी पास झाली ती कुणामुळे?

आता त्यांच्या घरातली एक रीत सांगते. घरची मोठी बाई गेली, की कणगीला सांगायचं. आणि ज्या पोरीला तिने वाढवलं, तिनेच. कणगीवर हात थापायचा आणि म्हणायचं, "तुझी धनीण मेली. आता मी हाय." नाही सांगितलं, तर बाईला कळतच नाही की आपण मेलो. ती आपली कामं करत राहते.

कार्याच्या दिवशीच चंदनाला आत पाठवलं. बाहेर सगळे थांबले. तिने कणगीवर हात थापला.

ते वाक्य तोंडातून निघेचना.

ती हळूच म्हणाली, "आजी गावाला गेलीय... येईल."

बाहेर येऊन तिने मान डोलावली. सांगितलं म्हणून.

आता त्या दुपारकडे येते.

चंदनाला जव्हारला अकरावीत प्रवेश मिळाला होता, हॉस्टेलसुद्धा. घरातली पहिलीच! शेअर जीपमध्ये जागा ठरली होती. तुका काका तिची पत्र्याची पेटी घेऊन रस्त्यावर गेले. मावशी, म्हणजे चंदनाची आई, म्हणाली, "जव्हारच्या मावशीला थोडी नागली ने गं," आणि तीही पिशवी घेऊन रस्त्याकडे निघाली.

नागली कणगीच्या तळाला होती. चंदना उखळावर चढली, आत उतरली. लहानपणापासूनची सवय. पाय दाण्यांत रुतले. ती वाकून टोपलीत नागली भरायला लागली.

तेवढ्यात रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला.

आणि... काळोख झाला.

वर झाकण बसलं होतं.

"आई, मस्करी नको हां!"



तिने झाकण ढकललं. हललं नाही. जसं वर कुणी कोपर टेकून उभं आहे.

मग आवाज आला.

सप...

सप...

ताज्या शेणाचा वास आत उतरला. कड लिंपली जात होती. मधेच एक बारीक खण्ण... कड्याचा. आजीच्या हातातलं कडं. ते तर आजीबरोबरच गेलं होतं!

आत हात पसरायलाही जागा नाही. खाली बसावं तर गुडघे अडतात. श्वास घेतला की नागलीची धूळ घशात.

पुन्हा हॉर्न.

"चंदनेऽऽ! कठं गेलीस?" तुका काकांचा आवाज. अगदी कणगीला लागून!

ती जिवाच्या आकांताने ओरडली. दोन्ही हातांनी बांबू बडवले. काका बाहेर फिरत होते, पावलं ऐकू येत होती. इकडे... तिकडे... मग दाराबाहेर.

त्यांना काहीच ऐकू गेलं नाही.

आणि बांबूच्या पलीकडून, कानाला लागून, कुणीतरी पुटपुटलं...

"गप ऱ्हा. मुकादम हाय."

चंदना रडायला लागली. "आजी, भट्टीची गाडी नाय ती. कॉलेजला चाललेय मी. सोड ना गं."

लिंपणारा हात थांबला.

मग हात भराभर चालायला लागला. सप सप सप सप...

काय म्हणायचं ते चंदनाला ठाऊक होतं. आजी, तू मेलीस. एवढंच. पण ज्या आवाजाने तिला इतकी वर्षं वाचवलं, त्याला हे कसं सांगायचं? तिने तोंड उघडलं. "आजी, तू..."

"काय गं बाय?" इतक्या मायेने विचारलं, की पुढचा शब्द घशातच विरला.

ती गप्प बसली. लहानपणी बसायची तशी.

बाहेर जीप सुरू झाली. उतारावरून आवाज लांब लांब गेला... विरला.

"गाडी गेली, बाय. नीघ."

झाकण हलकं झालं. चंदनाने वर ढकललं आणि ती बाहेर कोसळली. घरात कुणी नव्हतं. तिचे तळवे शेणाने बरबटले होते. ओल्या शेणाने.

तुम्हाला वाटत असेल, ती जीप घाटात कोसळली आणि आजीने नातीला वाचवलं. नाही हो! जीप सुखरूप जव्हारला पोचली. ड्रायव्हर स्टँडवर चहासुद्धा प्यायला. म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

तुका काका म्हणाले, "कणगी बघितली मी. पर झाकण लिंपून वाळलेलं होतं. मंग कशाला उघडू?" मग त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. "तू सांगितलंस ना गं कणगीला?"

चंदनाने मान खाली घातली.

"आता सांग."

"दिवाळीला सांगेन, बाबा. आत्ता नको."

दुसऱ्या दिवशी दुसरी जीप आली. काकांनी ड्रायव्हरला आधीच बजावलं होतं, हॉर्न वाजवायचा नाही. चंदना निघाली.

जव्हारला सगळं छान होतं. फक्त एक. हॉस्टेलच्या फाटकापाशी गाडीचा हॉर्न वाजला, की चंदनाच्या खोलीची कडी बाहेरून लागायची. मुली एकमेकींना शिव्या घालायच्या. कडीला कधी कधी शेण असायचं. त्या भानगडीत चंदनाची सहामाहीची एक परीक्षा बुडाली.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुद्दाम तिच्याबरोबर सूर्यमाळला गेले. परतायच्या दिवशी मी तिला बजावलं, "आज सांगितलं नाहीस, तर तुझं कॉलेज संपलं. कळतंय का?"

"कळतंय."

घरात आम्ही दोघीच होतो. चंदना कणगीपुढे उभी राहिली. हात थापला.

"आजी..."

ती थांबली. कान देऊन काहीतरी ऐकायला लागली. मला काहीच ऐकू आलं नाही, शप्पथ. पण तिचा चेहरा बदलला. लहान मुलीसारखा झाला.

"काय म्हणते?" मी कुजबुजले.

"विचारतेय... गाडी गेली का, बाय?"

"चंदना, सांग! आत्ता सांग!"

तिने कणगीवरून हात फिरवला, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"गेली, आजी."

आणि त्याच वेळी बाहेर रस्त्यावर आमच्या परतीच्या जीपने हॉर्न वाजवला.

आम्ही दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं.

येताना ते आम्ही सताड उघडं ठेवलं होतं.